ठेवायला दिलेलं मशीन

टेम्पोवाल्याला डांबरी रस्त्यावरच थांबायला सांगून निरंजन बेहेरा पायवाटेला लागला. थोडं पुढे गेल्यावर मागे पाचोळा वाजला, तसा तो जागीच थिजला. वळून बघायला त्याला बराच धीर गोळा करावा लागला. मागे एक शेळी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, करवंदीच्या जाळीत तोंड खुपसलं आणि विषय संपवला. निरंजनचा मात्र इतक्या लवकर संपत नसे. फेब्रुवारीपासून त्याची हीच गत होती. जवळ कुठे मोटरसायकल थांबली की तो शेडचं दार ओढून घेई, दुकानात कोणी नाव विचारलं की सामान न घेताच परत फिरे.

ओरिसातून वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर म्हणून तो आला, त्याला बरीच वर्षं झाली होती. कारखाना बंद पडला तेव्हा शहाण्या माणसासारखं गावी परतायचं सोडून त्यानं शहापूर-किन्हवली रस्त्यावर पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, भंगारातली मशिनं आणून दुरुस्त केली आणि भेटेल त्याला सांगत सुटला, नोकरीसाठी कल्याणला कशाला पळता, इथंच काहीतरी सुरू करा. मशीन माझं, हात तुमचे. लोक आधी हसले. मग किन्हवलीजवळच्या पाड्यावरची देवकी द्रोण-पत्रावळ्या करायला आली, मुरबाडचा किशोर कापडी पिशव्या शिवायला आला, मागोमाग मसाला कांडणारी दोघं-तिघं. दर शनिवारी सगळे शेडमध्ये बसून कोणाचा माल कुठे खपला आणि कोणाचा कुठे पडून राहिला यावर तावातावानं बोलत. निरंजन त्यांना कौतुकानं ‘आपली कंपनी’ म्हणायचा.

मग दोन हजार आठचा फेब्रुवारी आला. बाहेरून आलेल्यांच्या टॅक्सी, टपऱ्या फोडलेल्या टीव्हीवर दिसू लागल्या. शहापुरात तसं काही घडलं नाही. एका दुपारी फक्त दोघंजण शेडसमोर गाडी उभी करून, ‘ही शेड कोणाची रे? गाववाल्याची का बाहेरच्याची?’ एवढं विचारून गेले. त्याच संध्याकाळी कंपनी जमली आणि किशोरच्या सांगण्यावरून एकेक मशीन एकेकाच्या घरी ठेवायला गेलं. वातावरण निवळेपर्यंत, असं ठरलं.

वातावरण निवळलं. मशीन एकही परत आलं नाही. शनिवारी कोणी फिरकेना. आपण होऊन मागायला जावं तर निरंजनचे पाय उचलत नव्हते. स्वतःची वस्तू मागणारा बाहेरचा माणूससुद्धा किती चटकन डोळ्यांत खुपतो, हे तो आता ओळखून होता. शेवटी त्याची बायको सस्मिताच म्हणाली, “मिळतील तेवढी मशिनं गोळा कर, विकून टाक आणि गावी बालेश्वरला चल. बाजारात मी आपल्या भाषेत हाक मारली तर धाकटी मुलगी ओ देत नाही.” म्हणून आज टेम्पो, आणि पहिलं घर देवकीचं.

देवकी पडवीत वाल निवडत बसली होती. तिनं मान वर केली, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा सुपाशी बसली. कोपऱ्यात गोधडीखाली काहीतरी झाकलेलं होतं. आकारावरून निरंजननं ओळखलं.

“नवसूभाऊ?” त्यानं तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

“लाकडाला गेलाय.”

“ताई, मशीन न्यायला आलोय.”

“न्या. तुमचंच हाय.” ती उठली मात्र नाही. “गावाला चाललात ना तुमी?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगाया कशाला पायजे? इतकं दिवस झालं, तुमी मशीन मागाया आलं नाय. मंग तुमचं मन हितून उठलं, ते कळलं आमाला.”

“मी वाट बघत होतो. तुम्ही आणून द्याल म्हणून.”

देवकीचा हात सुपावर थांबला.

“आमी कशी आणून देऊ? ठेवाया दिलेली वस्तू आमच्यात कोणी न मागता नेऊन देत नाय, भाऊ. नेऊन दिली म्हंजे तुझं तुला दिलं, आता आमच्या दारात येऊ नको, असं होतं. धनी येतो, चा पितो, घेऊन जातो. किशोर पन हेच बोलला, भाऊ येतील तवा येतील.”

निरंजनला हसू आलं आणि त्याच क्षणी स्वतःचा भयंकर रागही आला. इतकी वर्षं तो या लोकांना धंदा शिकवत होता. त्यांच्या घरी वस्तू ठेवण्याची रीत काय, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

“एवढं भ्यालात कोणाला तुमी?” देवकीनं विचारलं. “आमाला?”

नाही म्हणणं सोपं होतं.

“हो,” तो म्हणाला. “तुम्हाला पण.”

तिनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. निरंजनला ते फार लागलं. विषय बदलावा म्हणून तो म्हणाला, “लग्नसराई आहे. पत्रावळ्यांना केवढी मागणी असेल. मशीन चालवायचं तरी होतंत.”

“आवाज होतो,” देवकी म्हणाली.

त्याला उमगलं नाही. एवढ्यात पायवाटेकडून मोटरसायकलचा आवाज आला.

देवकी उठली. “आत,” एवढंच ती म्हणाली आणि तो मुकाट्यानं आतल्या अंधाऱ्या खोलीत गेला. दाराच्या फटीतून त्याला दिसलं. गोधडीची लोंबणारी टोकं तिनं मशीनखाली खोचली, वर रिकामी टोपली पालथी घातली, टोपलीवर ओलं लुगडं वाळत टाकावं तसं पसरलं आणि मशीनकडे पाठ करून वाल निवडत बसली. एकही हालचाल तिला आठवावी लागली नाही. गाडी जवळ आली, अंगणासमोरून गेली, पुढच्या घरांकडे निघून गेली.

तो बाहेर आला तेव्हा निवडलेले वाल पुन्हा खड्यांत मिसळले होते.

“कोण होतं?”

“काय ठावं. दूधवाला असंल.”

“रोज असं?”

“गाडी आली का असं. मशीन कोणाचं, कोणी इचारलं तर काय सांगू? खोटं बोलाया मला जमत नाय, आन तुमचं नाव सांगाया नवसूला भ्या वाटतं.” तिनं सूप जवळ ओढलं. “मला पन.”

रस्त्यावरून टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. दोघंही दचकले. निरंजन अंगणाच्या कडेला गेला आणि त्यानं हात हलवून त्याला ‘जा’ म्हणून खूण केली. टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. निरंजननं पुन्हा हात हलवला.

मग पडवीत येऊन त्यानं लुगडं घडी करून बाजूला ठेवलं, टोपली उतरवली, गोधडी काढली. मशीनला तेलपाणी केलेलं होतं.

“पाला आहे?”

“हाय थोडा. वाळलाय.”

“भिजवा.”

“भाऊ, आवाज खालपातुर जातो.”

“माहितीय,” तो म्हणाला.

देवकीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पाला आणायला ती आत गेली. निरंजननं वायर सोडवून बोर्डात पिन घातली, बटण दाबलं. ती पाल्याचा गठ्ठा आणि पाणी घेऊन आली. साचा तापेपर्यंत दोघं पायवाटेकडे बघत बसले.