चोळायचं नाही, बा!
पेटलादला आमच्या गल्लीत कुणाचं काहीही दुखलं, की माझ्या सासूबाई चोळायला हजर. रेवाबा त्यांचं नाव. माणसं सोडाच, वासराचा मुरगळलेला पायसुद्धा त्यांनी सोडला नाही.

दोन मुलं पोटातच गेल्यावर तिसऱ्या खेपेला मला रक्त पातळ ठेवणारी सुई सुरू झाली. रोज सकाळी, पोटात. नर्स मार्थाबेन सुई देऊन वळल्या, की बा गरम फडकं घेऊन पोट चोळायला बसत.

"गाठ राहील ना, वहू!"

आठवडाभरात पोट काळंनिळं झालं. हात लावला तरी जीव जाई. एके दिवशी मी मार्थाबेनना सांगून टाकलं, "आता सुई नको."

त्यांनी पोट पाहिलं. "हे चोळतंय कोण?"

"मी!" बा ऐटीत म्हणाल्या.

"मग ही निळाई तुमचीच. सुई थांबली तर बाळाला धोका, बा. चोळणं थांबवा. सुईआधी फडक्यात बर्फ धरा. जागा मी रोज बदलतेच. नंतर कापूस नुसता दाबायचा, बोट हलवायचं नाही."

"नुसता दाबायचा? त्यात काय मोठं?"

मोठंच होतं. बोट दाबता दाबता गोल फिरायला लागे.

"बा, हात!"

"अगं, मेला आपोआप जातो!"

शेवटी त्यांनीच युक्ती काढली. कापूस दाबला की प्रभातियुं, म्हणजे पहाटेचं भजन, गायचं, आणि ते संपेपर्यंत हात हलवायचा नाही. आवाज घोगरा, सूर भलतीकडे. शेवटची ओळ तर मुद्दाम लांबवायच्या. डाग पिवळे पडले, मग गेलेच. सुईचीही भीती गेली. तशा सकाळी मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. बा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण अजून सकाळी जाग आली की आधी त्यांचा बेसूर आवाज आठवतो.

बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी सुई बंद केली. सकाळी बा कापूस घेऊन खाटेपाशी उभ्या.

"आज सुई नाही, बा."

कापूस त्यांनी मुठीत दाबला. जन्मभर न विचारता साऱ्या गल्लीची अंगं रगडणारी ती बाई हळूच म्हणाली,

"नुसता हात ठेवू?"

मी तो ओढून पोटावर ठेवला. सवयीनं बा गायला लागल्या. आतून लाथ बसली. बांचं गाणं पहिल्याच ओळीत अडलं, पण हात जागचा हलला नाही.