शहीदवेदीवरची खालची ओळ

नांगर पक्षाचा दुलाल दोलुई सकाळी संदेश मिठाईचा डबा घेऊन आला, तेव्हाच कमलाबालाने ओळखलं, याला काहीतरी हवंय. अकरा वर्षांत हा माणूस तिच्या दारात कधी काही घेऊन आला नव्हता.

दिल्लीचं सरकार पाडायचं म्हणून नांगर आणि होडी या दोन पक्षांनी गळ्यात गळे घातले होते. कालपर्यंत एकमेकांची डोकी फोडणारे आता एकाच टेम्पोला दोन्ही झेंडे बांधून फिरत होते. राजकारणातली माणसं शेण खातात, खाईनात का. पण लोकसभेचं तिकीट मिळालं होतं होडीच्या मृगांक सांतराला, आणि कमलाबालाचा मुलगा, नांगरचा कार्यकर्ता रतिकांत, याच्या अकरा वर्षांपूर्वीच्या खुनात पहिला आरोपी हाच होता. साक्षीदार फुटले, तो सुटला. उरली ती चौकात नांगरने त्याच्या स्मरणार्थ बांधलेली शहीदवेदी. तिच्यावर रंगवलेलं होतं, 'शहीद रतिकांत हाजरा', आणि खाली, 'होडी पक्षाच्या गुंडांकडून हत्या'. खरं काय ते जगात तेवढ्या एका ओळीतच शिल्लक होतं.

दुलाल बराच वेळ मुरमुरे चघळत बसला आणि मग मुद्द्यावर आला. परवा मृगांकबाबूंची मिरवणूक वेदीला हार घालून निघणार, त्याआधी खालची ओळ पुसायची, असा वरून आदेश होता. शिवाय शहिदाची आई म्हणून तिने शेजारी उभं राहायचं.

"ओळ पुसल्यावर माझा मुलगा कशाने मेला रे, दुलाल? पटकीने?"

"मासीमा, आधी मोठा शत्रू. निवडणूक होऊ द्या, मी स्वतः उभा राहून पुन्हा लिहून घेतो."

हाच दुलाल तेव्हा प्रेताला मिठी मारून रडला होता. ते रडणं खोटं नव्हतं, आणि याचीच तिला जास्त किळस आली. तो गेल्यावर तिने डबा गाईपुढे उपडा केला आणि हात दोनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने त्या ओळीवर चुना फासला. दुपारी तो जेवायला गेल्यावर कमलाबाला खुरपं घेऊन गेली आणि वरचं नावही खरवडून काढलं. मारणारा कोणी नाही, तर मेलेलाही कोणी नाही. या लोकांच्या हाराखाली आपलं पोर तिला ठेवायचं नव्हतं. बादलीतला उरलेला चुना तिने वरून सारखा केला. चहावाल्याने पाहिलं आणि मान वळवली.

मिरवणुकीच्या दिवशी ती सांगितल्याप्रमाणे येऊन उभी राहिली. मृगांकने हार घातला, हात जोडले, फोटो निघाले. वेदीवर नाव नाही, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. मग त्याने माइक घेतला, मूठ उगारली, "शहीद" म्हणाला आणि अडला. नाव वाचायला तो वेदीकडे वळला, हार बाजूला सारला. सगळा पांढरा चुना. दुलाल पार गर्दीपलीकडे, टेम्पोवर झेंडे सावरत होता.

मृगांक माइक तसाच धरून अदबीने तिच्याकडे वाकला. "मासीमा, काय नाव होतं हो त्याचं?"

"दाराशी येऊन त्याला हाक मारलीस," कमलाबाला म्हणाली, "तेव्हा तर बरोबर आठवत होतं."