आबांची बाजू

घंटीच्या डोक्यावरचं ते बटण, बोटांनी दाबून दाबून मधोमध पांढरं पडलेलं, आणि त्याच्याभोवतीच्या चकचकीत वाटीत सभागृहाच्या सगळ्या खिडक्या वाकून बसलेल्या... मंजुषाने ते हलकेच दाबलं. टिंग्. पहिल्या रांगेतली दोन-चार डोकी उगाच वर झाली. आलियाच्या मामूंच्या दवाखान्यातली घंटी. तिकडे ती वाजली की पुढचा पेशंट आत जायचा. इथे वाजली की बोलणाऱ्याने थांबायचं. हा नियम आपला. सगळेच नियम आपले, म्हणून तर आता पळायला जागा नाही — असं तिच्या मनात आलं, आणि तिने पुन्हा मागच्या दाराकडे पाहिलं. आबा तिथेच होते.

बसले नव्हते. चौकटीला पाठ लावून उभे, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली, देवळात काढावी तशी, आणि सदऱ्याच्या बाह्यांवर हळदीचा पिवळा राप. सकाळी मार्केट यार्डात हळद घेऊन आले होते. येतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. घरी ती फक्त म्हणाली होती, शनिवारी उशीर होईल, आमच्या मंडळाचा कार्यक्रम आहे. आणि मघाशी फाटकापाशी ते समोर उभे. "कारेक्रम हाय म्हनलीस, म्हून आलो." एवढंच. ती काय बोलली तेही तिला आठवत नव्हतं. आत या, असं तरी म्हटलं होतं का आपण?

नेमका आज हा विषय. फळ्यावर भागवतने जाड अक्षरांत लिहिलेला — 'शिक्षणासाठी मुलींनी जिल्ह्याबाहेर जावं.' सुचवलाही त्यानेच, बिचाऱ्याला काही ठाऊक नसताना, आणि सगळ्या सभासदांनी हात वर करून तो मंजूर केला तेव्हा अध्यक्ष म्हणून ती समोर बसून हसत होती, कारण अध्यक्षाला विषय बदलता येणार नाही हा नियमही तिनेच, मोठ्या तोऱ्यात, पहिल्याच महिन्यात करून घेतलेला. ठाऊक होतं फक्त आलियाला. पुण्यात एम.एस्सी.ला मंजुषाचा नंबर लागला होता, आणि आबा म्हणाले होते, "पाहू."

आबांचं 'पाहू' म्हणजे काय हे गोठ्यातल्या जनावरांनाही कळतं. 'न्हाई' म्हटले असते तर भांडता आलं असतं, रडता आलं असतं, आईला मध्ये घालता आलं असतं. पण 'पाहू'शी भांडायचं कसं? त्याला कुठे धरायला कडाच नाही... तेव्हापासून घरात सगळे त्या शब्दाला वळसा घालून चाललेले.

आणि तरीही — सभागृह भरलं होतं. हे तिला मध्येच पुन्हा जाणवलं. बाकं भरली होती, भिंतीला टेकून पोरं उभी होती, खिडक्यांचे गज बाहेरून धरलेले हात दिसत होते. गेल्या वर्षी याच सभागृहात एका पाहुण्या व्याख्यात्यांनी भाषण संपवून विचारलं होतं, काही शंका? आणि अख्खं सभागृह मान खाली घालून बसलं होतं. तिच्या घशात एक प्रश्न होता, चांगला होता, तो घेऊन ती एस.टी.त बसली आणि शिरड शहापूर येईपर्यंत तो तसाच, न गिळलेल्या घासासारखा. दुसऱ्या दिवशी ती आलियाला म्हणाली होती, "आपल्याला बोलता काहून येत न्हाई गं?"

"येतं की," आलिया म्हणाली होती. "कँटीनमधी जाऊन बघ, कोन चूप बसतं? पन कोनी बराबर ऐकून राहिलं म्हटलं की आपली जबान बंद."

मग वादमंडळ. प्रयोगशाळेमागची मोडक्या बाकांची खोली. पहिल्या शनिवारी आल्या त्या दोघीच, आणि भागवत — तो बस चुकली म्हणून. विषय, हळद बरी की सोयाबीन. नियम एकच: बाजू आपण निवडायची नाही, नाणं निवडेल. भागवतच्या घरी पिढीजात सोयाबीन, आणि नाण्याने त्याला दिली हळद, आधी तो नुसता कान खाजवत उभा राहिला, मग हळूहळू त्याला हळदीचे गुण दिसू लागले, मग तो बाकावर चढला, आणि शेवटी स्वतःच दचकून ओरडला, "अरे, पन मी सोयाबीनवाला हाय रे!" पुढच्या शनिवारी तो नरसीची चार पोरं घेऊन आला. त्यानंतर खोलीला खिडक्या पुरेनात. कुणी प्राध्यापक म्हणाले, व्यासपीठावर ही असली भाषा? तेव्हा मंडळाचे मार्गदर्शक मोहनसिंग राठोड सर शांतपणे म्हणाले होते, "आधी बोलू तर द्या त्यांना." प्राचार्यांनी सभागृह एकदाच देऊन पाहतो म्हटलं होतं. भरलं तर मंडळ राहील. तर — भरलं. मी भरलं हे. आम्ही. बस चुकलेल्या एका पोरापासून... आणि माझा बाप दाराशी टोपी हातात घेऊन उभा आहे.

सरांनी नाणं उडवलं. ते हवेत चमकलं तेव्हा तिने देवाला म्हणावं तसं म्हटलं, बाजूने, बाजूने येऊ दे.

"आलिया — विषयाच्या बाजूने. मंजुषा — विरोधात."

आलिया तिच्याकडे झुकली. "सरांना सांगू का? बदलून घेऊ?"

"न्हाई," मंजुषा म्हणाली, आणि आपला आवाज कोरडा आहे हे तिला लांबून ऐकू आल्यासारखं कळलं.

आलिया पहिली बोलली. आणि मंजुषाला जी वाटत होती ती भीती — माझी एक मैत्रीण आहे, तिचा पुण्यात नंबर लागलाय, असं काहीतरी ती म्हणेल आणि सगळं सभागृह आपल्याकडे वळेल — ती भीती हळूहळू ओसरली, कारण आलियाने मैत्रिणीचं नावच काढलं नाही. ती स्वतःबद्दल बोलली. घरात तिच्या शिकण्याला कुणाची ना नव्हती, फक्त हिंगोलीच्या पुढे परवानगी नव्हती. "आमच्या घरात म्हनतात, पोरगी दाराबाहेर गेली की गेली. पन दार तर एकच असतं ना? जाते त्याच दारातून ती परत येते. तुमी दार लावून घेतलं तर ती जायची थांबंल — पन मंग येनार कुटून?" टाळ्या. मंजुषाही टाळ्या वाजवत होती. आपलंच मन दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतकं सोपं, इतकं खरं वाटत होतं... यापुढे आपण काय बोलायचं? काळ वाईट आहे? शहरात पोरी बिघडतात? हे बोलायचं? आबांच्या देखत?

ती उठली. माइकपाशी गेली. आणि काहीच नव्हतं — घशात, डोक्यात, कुठेच. समोर फक्त ते दार. आबा कशाला घाबरतात? हा प्रश्न तिला आजवर पडलाच नव्हता. त्यांचं 'पाहू' तिने भिंतीसारखं पाहिलं होतं; भिंतीपलीकडे कुणी असेल हे नव्हे. थोरला भाऊ, माऊलीदादा, पुण्याला शिकायला गेला तेव्हा... दिवाळीला येतो. आला की आई त्याला कपबशीत चहा देते, आम्हाला पितळीत. जेवायला बसताना आबा हळूच त्याच्याकडे पाट सरकवतात. मागच्या खेपेला त्याने विचारलं, टॉवेल कुठे असतो? आबा उठले, स्वतः टॉवेल आणून दिला, आणि मग बराच वेळ ओसरीवर बसून राहिले, हातात काहीच काम नसलेल्या माणसासारखे.

"मी जे सांगणार आहे," ती म्हणाली, "ते कुणी बोलून दाखवत नाही."

आणि मग तिची शुद्ध भाषा आपोआप गळून पडली. "आमच्या घरातून एक जन शिकायला गेला. हुशार होता, म्हून गेला. आता येतो तवा पाव्हना होऊन येतो. बाप त्याला पाट देतो. सोताच्या लेकराला पाट द्यावा लागतो, त्या बापाला काय वाटत आसंल? तो पोरीला जाऊ नको म्हनतो तवा तुमी म्हनता त्याचा इस्वास न्हाई. इस्वास हाय. लई हाय. पोरगी नापास होईल ह्याचं त्याला भ्याव न्हाई... ती पास होईल, ह्याचं भ्याव हाय!"

कुठेतरी कुणीतरी "आई गं" म्हणालं. ती थांबली नाही. शब्द येत होते, खालून, पाणी लागावं तसे. "आन् आपुनच काहून जायचं? जिल्ह्यातलं बरं ते सगळं बाहीर — हळद बाहीर, लेकरं बाहीर. मंग हितं कोन ऱ्हायचं? इथंच शिकाया मिळावं, असं म्हनून भांडनारं कोनी हाय का? का आपली भांडनारी मान्सं बी पुन्यालाच ऱ्हातात?"

बाकं वाजू लागली — टाळ्या नव्हेत, तळहात आणि मुठी, लाकडावर, खिडक्यांच्या गजांवर, आणि तो आवाज तिच्या तळपायांतून वर चढला आणि तिला वाटलं आपण उंच होत चाललो आहोत, या छपराएवढ्या. सरांनी हात वर करायला सांगितलं. विरोधी बाजूला जास्त हात. प्राचार्य पुढच्या रांगेतून राठोड सरांना म्हणाले, "दर महिन्याला घ्या हो, इथेच." आलियाने तिला कडकडून मिठी मारली आणि कानात म्हणाली, "कमीनी, खुद के खिलाफ जीत गई!" दोघी हसत होत्या आणि मंजुषाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहिल्या वर्षाच्या पोरी भागवतभोवती जमून विचारत होत्या, आमाला घेता का, कवा यायचं, आणि तो पुढच्या शनिवारचा विषय स्वतःच ठरवू पाहत होता, आणि बाकीचे त्याच्याशी भांडत होते. तिला न विचारता. ती तिथे उभी आहे हेही विसरून. किती छान भांडत होते! मी पुण्यात असेन तेव्हाही... हा विचार अर्ध्यातच थबकला.

दाराशी आबा नव्हते.

ते बाहेर पिकअपपाशी होते, रिकाम्या पोत्यांची घडी घालत. तिने दुसरं टोक धरलं. घडी झाली, गाडी सुरू झाली, गाव मागे पडलं. औंढ्याच्या रस्त्याला लागल्यावर ते समोर पाहतच म्हणाले, "पाट द्यायचं बोललीस."

"व्हय."

"मला वाटलं, कोनी पाह्यलं न्हाई."

खिडकीतून वारं येत होतं, हळदीचा उग्र वास गाडीभर होता. त्यांनी गिअर बदलला. "माझंच बोललीस समदं. मला असं बोलता आलं नसतं." मग, "पन त्या आलियाला... ती दाराचं बोलली. त्याला जबाब सुचला न्हाई मला. तवापासून हुडकून राहिलो."

आता विचारावं? आता म्हणावं, आबा, मग जाऊ? पण ते विचारणं तिला एकाएकी खूप लहान वाटलं, फसवून मागितल्यासारखं. भरल्या सभागृहाला जिंकून आलेली ती, आणि या माणसाला जिंकायचं तिच्या मनात उरलंच नव्हतं. त्याच्या आत ती जाऊन आली होती. तिथे अंधार नव्हता. एक माणूस बसला होता, हात रिकामे.

"आता दुसऱ्या बाजूनं बोल की," आबा म्हणाले.

"काय?"

"तुमच्यात बाजू बदलतात ना? आता तुझ्या बाजूनं बोल. मी ऐकून राहिलो."

तिने तोंड उघडलं. स्वतःची बाजू — कितीदा अंथरुणात घोकलेली, आरशापुढे म्हटलेली, दात-ओठ खाऊन तासून ठेवलेली — ती शोधायला ती आत गेली आणि ती जुनी वाक्यं तिला कुठे सापडेनात. त्यांच्यात आबा नव्हते, आणि आबांना वगळून आता काहीच बोलता येणार नव्हतं. नवी जुळवावी लागतील. सुरुवात कुठून... तिला घाई वाटेना. रस्ता समोर लांबवर पडला होता आणि घशात काही अडकलेलं नव्हतं, ही गप्प बसण्याची कुठलीतरी नवीच रीत होती, भरलेली, मोकळी, आणि शेजारी कुणीतरी बराबर ऐकत होतं.