तार लाल होईपर्यंत

बोनेट

"उचला की मामू. बघू तरी," श्रीमंत म्हणाला.

जिलानीनं बोनेट उचललं. रबरी नळ्या होत्या, इंजिन ज्यावर बसतं ते दोन्ही बाजूंचे आधार होते, आणि मधे, जिथं इंजिन असायला हवं तिथून, खालची फरशी दिसत होती. फरशी झाडलेली होती.

"धा वर्सांत एक उंदीर शिरू दिला न्हाई मालक."

"उंदराचं राहू द्या. उद्या लातूर जिल्हा होऊन राहिला. फाट्यावरनं चार ट्रक जाणार, सगळं गाव जाणार. गावातनं फाट्यापर्यंत मिरवणूक. अन मिरवणुकीच्या पुढं आमच्या आप्पांची मर्सिडी. लोकांनी बघायला पाहिजे, कुणाच्या घरचा माणूस हाय ते."

नवा जिल्हा म्हणजे नवी जिल्हा परिषद, आणि आप्पांच्या लेकाला, श्रीमंतला, तिथं निवडून जायचं होतं. ते गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

"गाडी हाय, मालक. चालणार कशी?"

"म्हणून तर सांगून राहिलो. आज बैलगाडी न्या अन वस्तीच्या विहिरीवरचं आपलं इंजिन काढून आणा. रातीतनं बसवा. मदतीला नांदेडचा मेकॅनिक बोलावलाय."

जिलानी बोनेट धरून तसाच उभा राहिला. हे वाक्य कुणीतरी बोलावं म्हणून तो दहा वर्षं थांबला होता. ज्यांनी ते बोलायला हवं होतं ते आप्पा आता बैठकीतल्या भिंतीवर, काचेच्या मागं होते.

"जी," तो म्हणाला, आणि पाने शोधायला गेला.


नाव

ती काळी होती, गुबगुबीत, पाठीवर पोक आल्यासारखी. हैदराबादच्या कुण्या जागीरदाराची. जागीर गेली, मग घोडे गेले, मग गाडी. आप्पांनी, म्हणजे गुरुबसप्पा आडत्यांनी, ती घेतली तेव्हा उदगीरच्या मोंढ्यात लोक म्हणाले, तुरीच्या पोत्यावर बसणारा माणूस आता गादीवर बसून हिंडणार. आप्पांनी जिलानीला शोधून काढलं ते गाडीसोबतच. जागीरदाराकडं तो क्लीनर होता. आप्पांकडं ड्रायव्हर झाला.

मागच्या सीटवर बसून आप्पा त्याला गाडीच्या गोष्टी सांगायचे. कुठून ऐकलेल्या, कोण जाणे.

"जिलानी, जर्मनीत ह्या गाड्या बनवायचे. एक व्यापारी विकायला घ्यायचा. म्हणाला, माझ्या लेकीचं नाव द्या, तरच विकतो. तिचं नाव मर्सिडी."

"पोरीचं नाव हाय व्हय हे?"

"मग! अन समोरचा तारा बघ. तीन टोकं. एक जमिनीचं, एक हवेचं, एक पाण्याचं. तिन्हीकडं आमचं इंजिन चालंल, असं म्हणायचे ते."

आप्पांच्या बायकोला, नागम्माला, सगळं गाव आव्वा म्हणायचं. तिनं हे एकदा दारात उभं राहून ऐकलं. "अय्यो! त्यानं गाडीला लेकीचं नाव दिलं, अन तुम्ही गाडीपायी लेकीला विसरलाव की. बिदरला जाऊन किती दिस झाले तिच्याकडं?"

दुसऱ्या दिवशी मर्सिडी बिदरच्या रस्त्याला लागली.


रेडिओ

कधी नव्हताच. आप्पा म्हणायचे, आत एवढं चांगलं वाजून राहिलंय, ते ऐका.


इंजिन

मग बहात्तर साल आलं. त्याच्या आदलं सालही कोरडंच गेलं होतं. खडी फोडायला माणसं बायका-पोरांसकट गेली. आडातलं पाणी आधी गढूळ झालं, मग वाटीवाटीनं निघू लागलं, मग त्यात पोरं उतरून वाळू उपसू लागली.

पाणी एकाच ठिकाणी होतं. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीच्या विहिरीत. गावानं आपल्या आडावर येऊ दिलं नाही म्हणून वस्तीनं ती स्वतः खणली होती. पारूबाईचा नवरा निवृत्ती आणि त्याच्या भावकीनं, काळा पाषाण फोडून, खोल, खूप खोल. निवृत्ती त्यानंतर फार जगला नाही. विहीर राहिली.

दोरानं वस्तीचं भागत होतं. गावाचं भागणं शक्य नव्हतं. आणि ऑइल इंजिन त्या साली उदगीरला मिळेना, लातूरला मिळेना, नांदेडला नंबर लावून माणसं बसलेली.

आप्पा एका सकाळी गाडीपाशी आले. बसले नाहीत. बोनेटवरच्या ताऱ्यावर बोट ठेवून उभे राहिले.

"जिलानी, हे डिझेलवर चालतंय ना?"

"जी."

"विहिरीवरचं इंजिन बी डिझेलवरच चालतंय ना?"

जिलानीला समजलं, पण त्यानं समजून घेतलं नाही. "आप्पा, ही गाडी हाय."

"तीन टोकं हायत, बाबा. त्यातलं एक पाण्याचं हाय, म्हणतात. बघू तरी खरं हाय का."

आधी आप्पा वस्तीत गेले, विचारायला. पारूबाई म्हणाली, "आप्पा, पाणी न्या की. आम्ही न्हाई म्हणलं तर आमच्यात अन गावात फरक काय?" एवढंच. आप्पा खाली मान घालून परत आले.

नांदेडचा मेकॅनिक आला, तिवई बांधली, साखळीनं इंजिन वर उचललं. ते हवेत लोंबकळलं तेव्हा जिलानी भिंतीकडं तोंड करून उभा होता. आव्वानं इंजिनाला हळदकुंकू लावलं, वर नारळ फोडला. म्हणाली, "पोरीला सासरी धाडलं की."

आप्पा म्हणाले, "एक पाऊस चांगला झाला की परत बसवू. माझा शब्द हाय तुला, जिलानी."


लाल तार

ह्या गाडीला किल्ली फिरवली की लगेच चालू होण्याची सवय नव्हती. डॅशबोर्डवर एक मूठ होती. ती थोडी ओढून धरायची. शेजारच्या जाळीत एक छोटी तार होती, ती हळूहळू तापायची. आधी काळी, मग तांबूस, मग लालभडक. लाल झाली की इंजिन आतून गरम झालं, असं समजायचं आणि मूठ पूर्ण ओढायची. घाई केली तर नुसती खोकायची.

जिलानीनं डॅशबोर्डमधनं ती मूठ आणि ती तारेची जाळी काढली आणि विहिरीवर, एका फळीवर बसवली. डॅशबोर्डला दोन भोकं राहिली.

पहिल्या दिवशी त्यानं पारूबाईला शिकवलं, कारण तो रोज येईलच याचा भरवसा त्याला स्वतःला नव्हता.

"हं. धरा. आता थांबा."

"किती?"

"लाल होईपर्यंत."

"मामू, आमची तर उभी जिंदगी थांबण्यात गेली. हे काय अवघड हाय?"

इंजिन धडधडलं. पट्टा फिरला. पाइपातनं आधी हवा आली, मग फुसफुस, मग मनगटाएवढी पाण्याची धार. वस्तीतली पोरं ओरडली. गावाकडच्या बाजूला बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. पाणी समोर होतं आणि कुणी पाऊल पुढं टाकत नव्हतं.

आव्वा पुढं झाली. हौदापाशी येऊन तीही थबकली.

"टेका घागर, आव्वा," पारूबाई म्हणाली. "पाण्याला काय लागलेलं न्हाई."

आव्वानं घागर टेकली. मग सगळ्याच आल्या.

जिलानी रोजच जाऊ लागला. इंजिनाजवळ उकिडवा बसायचा, फडक्यानं पुसायचा. घरी बायको, शहजादी, म्हणायची, "डायवर हाय म्हणून निकाह लावला. आता पंपवाला झालाव." तो हसायचा नाही.

पुढच्या साली पाऊस आला. आप्पा म्हणाले, वस्तीची ज्वारी उभी हाय, निघू दे. मग म्हणाले, उन्हाळा जाऊ दे. मग एका हिवाळ्यात आप्पाच गेले आणि शब्द कुणाकडं मागायचा हे जिलानीला कळेना. तो गाडी पुसत राहिला. टायरांत हवा भरत राहिला. महिन्या-दोन महिन्यांनी विहिरीवर जाऊन तेल बदलायचा, आणि दर वेळी ते इंजिन नजरेनंच उचलून गाडीत ठेवून बघायचा.


पाना

बैलगाडी विहिरीपाशी थांबली. पारूबाई हौदाच्या कडेवर बसली होती. केस पार पिकले होते.

"या मामू. बैलगाडी आणलाव म्हंजे खरंच हाय. दळणाला गेलते तिथं कळलं."

"श्रीमंतमालकानं सांगितलं."

"न्या. पोरं भांडायला उठली होती, मी बसवलं खाली. आप्पांनी दिलतं, आप्पांचं घर मागून राहिलं. त्यात भांडायचं काय?"

"अन पाणी?"

"दोर हाय की."

वस्तीपर्यंत अजून वीज आली नव्हती. जिलानीनं विहिरीत वाकून पाहिलं. श्रावण असूनही पाणी खोलच होतं. मग त्यानं तिच्या हातांकडं पाहिलं आणि पाने गाडीतनं खाली उतरवले. ज्या गोष्टीची वाट पाहिली ती समोर होती. लाज वाटावी इतका आनंद त्याला होत होता.

"एक करा मामू," पारूबाई म्हणाली. "जायच्या आधी हौद भरून द्या. तुमच्या हातानं."

त्यानं मूठ ओढून धरली. दोघं जाळीकडं बघत राहिले. तार काळी होती, तांबूस झाली, लाल झाली. इंजिन चालू झालं.

तोच आवाज. जिलानीनं डोळे मिटले. मुखेडवरून नांदेडचा रस्ता, दोन्हीकडं बाभळी, मागं आप्पा पानाचा डबा उघडतायत. गोदावरीच्या पुलावर वारा आत शिरायचा आणि आप्पा म्हणायचे, जरा हळू घे, नदी बघू दे. चढ आला की आवाज जड व्हायचा, मग गिअर बदलायचा, मग मोकळा. त्याचा डावा हात आपोआप उचलला गेला. पण आवाज जड झाला नाही, मोकळाही झाला नाही. दहा वर्षं ते एकाच गिअरमध्ये, एकाच जागी चाललं होतं आणि थकलं नव्हतं. त्याच्या अंगावर धुळीचा कण नव्हता. मुठीला कुणीतरी जुन्या लुगड्याचा तुकडा शिवून बसवला होता, हाताला चटका बसू नये म्हणून.

इतकं तर त्यानंही कधी केलं नव्हतं.

हौद काठोकाठ भरला. त्यानं इंजिन बंद केलं, पाना घेतला, पहिल्या बोल्टला लावला आणि जोर दिला. मग दुसऱ्याला. मग पलीकडच्या बाजूला जाऊन तिसऱ्याला.

पारूबाई बघत होती.

"मामू, आवळून राहिलाव की."

"हाव," जिलानी म्हणाला. "ढिले झालते."


मागचं सीट

"आणलं न्हाई? म्हंजे?" श्रीमंत ओरडला. "गाडी कुणाची हाय, मामू? तुमची का आमची?"

"तुमची, मालक."

"अन इंजिन?"

जिलानी हातातला पाना पुसत राहिला. दाराशी नांदेडचा मेकॅनिक चहा पीत होता, त्यानं कप खाली ठेवला.

आव्वा आतून काठी टेकत आली. "कामून ओरडतोस रे?"

"आव्वा, गावापुढं हसं होईल माझं!"

"त्या साली तू तापानं फणफणला होतास. आठवतं का? रोज त्या विहिरीची घागर यायची तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवायला. घागर म्या आणायची. ह्या कमरंवर." तिनं काठी कमरेवर आपटली. "आता त्यांच्या तोंडचं काढून तू झेडपीत जाणार? लोक हसतील ते गाडी चालंना म्हणून न्हाई, बाळा."

श्रीमंतनं मेकॅनिककडं पाहिलं, मेकॅनिकनं छताकडं.

"मग गाडी जाणार कशी?" श्रीमंत म्हणाला. आवाज उतरला होता.

"गाडी जाईल," आव्वा म्हणाली. "मी मागं बसते. तू ढकल."


स्टिअरिंग

सकाळी गाडी दाराबाहेर काढली. आडतीवरचे चार हमाल मागं होते, आणि त्यांच्या मधोमध, बाह्या दुमडून, श्रीमंत. पुढं हलगीवाले. बायका माडीवरून बघत होत्या. कुणीतरी ओरडलं, "मालक, पहिला गिअर टाका!" आणि सगळी गल्ली हसली. श्रीमंतही हसला, नाइलाजानं.

आव्वा इरकली लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली होती, आप्पा बसायचे त्याच बाजूला.

जिलानीनं धुतलेली पांढरी पँट घातली होती. ती कमरेत सैल झाली होती. त्यानं आरसा जरा वळवला. आव्वा दिसली. दार नीट लागलं का बघितलं. मग हात डॅशबोर्डकडं गेला आणि दोन भोकांपाशी थांबला.

"ढकलू का मामू?" मागून श्रीमंत म्हणाला.

"थांबा."

"आता काय?"

"गरम होऊ द्या."

हमालांतला एक फसकन हसला. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. हलगीवाल्यांनी काड्या वर धरल्या. गल्ली गप्प झाली. कशासाठी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. जिलानी समोरच्या काचेतून, ताऱ्याच्या तीन टोकांवरून, ओढ्यापलीकडं बघत राहिला.

मग तिकडून, लांबून, एकदा खोकल्यासारखा आवाज आला, आणि इंजिन सुरू झालं. वस्तीचा सकाळचा हौद.

जिलानीनं क्लच दाबला, गिअर टाकला, आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

"हं," तो म्हणाला. "चला."