चालत्या ऑटोतून पाहिलेलं स्थळ

प्रेरणासाठी आलेल्या स्थळाचा फोटो मला बघायचाच नव्हता. स्टुडिओतला होता, मागे पडदा, अंगात कोट. काही वर्षांपूर्वी मोनूचाही असाच आला होता आणि त्यावर मीच भाळले होते. त्याच्या माराला कंटाळून आता मी कोहक्याला बाबांच्या घरी परत आले आहे. बाबा आज संध्याकाळी प्रेरणाच्या स्थळाला होकार कळवणार होते आणि माझ्या जिवाला घोर लागला होता. धाकट्या बहिणीच्या नशिबी तसलं काही यायला नको.

म्हणून दुपारी तिला शेजारच्या भैयालालकाकांच्या ऑटोत कोंबलं आणि सेक्टर टूचं मार्केट गाठलं. तिथं त्या मुलाचं, विक्कीचं, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. बेसावध असताना तो कसा दिसतो, ते मला पाहायचं होतं.

"काका, थांबू नोका. हळूच चालू द्या," मी म्हटलं आणि मोबाइल बाहेर धरून बटण दाबत सुटले.

पुढच्या वळणावर फोटो पाहिले. पहिला नुसता हललेला. दुसऱ्यात विक्की दुकानाच्या दारात, हात डोक्याच्या वर, आणि त्या हाताखाली त्याची आई मान घालून वाकलेली. तिसऱ्यात मध्ये सिटी बस.

मी मोबाइल प्रेरणापुढे धरला. "मायले मारून राहिला तो! भर बाजारात!"

"ताई, कुछ भी मत बोल," प्रेरणा म्हणाली. "बसच्या मांगं काय झालं, तुले काय मालूम?"

"हात असा वर कशाले जाते, ते मले मालूम आहे."

ती फोटो बोटांनी मोठा करून करून पाहू लागली, पण मोठा केला की तो आणखीच फुटायचा. मला तिचा संताप आला. पुरावा हातात असून ही पोरगी काय शोधत होती?

"बाबाले नाही म्हणून सांगून देऊ," मी म्हटलं.

"पहिले मी जाऊन पाहते." तिनं तोंडाला स्कार्फ बांधला. "माझ्या मोबाइलची काच तशीही फुटली आहे. काका, ऑटो वळवा."

ऑटो रस्त्यापलीकडे उभा राहिला. ती दुकानाशी पोचते न पोचते तोच म्हातारी बाहेर यायला वाकली आणि विक्कीचा हात पुन्हा वर गेला. मी ओरडणारच होते. पण हात वरच राहिला. अर्धवट अडकलेलं शटर त्यानं धरून ठेवलं होतं, आईच्या डोक्यावर येऊ नये म्हणून. ती बाहेर पडली, त्यानं हात काढला आणि शटर धाडकन खाली घसरलं.

प्रेरणानं वळून माझ्याकडे पाहिलं. स्कार्फ होता तरी ती हसतेय हे कळत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही.

भैयालालकाका आरशातून माझ्याकडे बघत होते. मग ते मागे वळले.

"दिपाली, तो मोनू नाही वं," ते हळूच म्हणाले.

तेव्हा मला कळलं, मी दोन्ही हातांनी आपलंच डोकं झाकून बसले होते.

"मालूम आहे, काका," मी म्हटलं. पण हात काही खाली येईनात.