हाराचे फोटो

"झालं बघ," म्हणत नानासोनं पेनड्राइव्ह उपटला आणि दीक्षाच्या हातावर ठेवला. "बावीस वर्षांचं आपलं कुंडल गाव हाय ह्यात."

माझा चहा अजून निवला न्हवता. मी नानासोच्या फोटो स्टुडिओशेजारचा फ्रेमवाला. काच कापायची, पट्टी ठोकायची, एवढंच येतं. पण एका लग्नाचा अल्बम पेनड्राइव्हात चढवायला नानासोला अर्धा तास लागायचा, हे मी नेहमी बघायचो. आणि आज सगळा गाव दोन मिनिटांत उतरला. मनात आलं, विचारावं. मग म्हटलं, सातवी नापास माणसानं कॉम्प्युटरात तोंड कशाला घालायचं? गप बसलो.

दीक्षा पलीकडच्या गल्लीतली, सांगलीला कॉम्प्युटर शिकणारी. नानासोच्या मशीनला कंपनीची नवी सिस्टीम चालत न्हवती, जुनीवरचा हात कंपनीनं काढून घेतलेला. ही पोरगी फुकटातली सिस्टीम घालून देणार होती.

"फुकट कोण देतंय गं?" नानासो म्हणाला.

"कंपनी नाही काका. जगभरची माणसं मिळून बनवतात. एकानं केलेलं दुसरा सुधारतो."

"म्हंजी इर्जिक," मी म्हटलं. "गावानं मिळून एकाचं रान नांगरायचं."

"तसंच," ती हसली. मग नानासोकडं वळून तिसऱ्यांदा विचारलं, "काका, आतलं सगळं पुसलं जाणार. नक्की घेतलंय ना?"

"आगं, समोर दिसत हुतं तेवढं सगळं घेतलंय."

तिनं बटण दाबलं.

आता हाराच्या फोटोंचं सांगतो. आमच्याकडं म्हातारी माणसं स्वतःच स्टुडिओत यायची. मेल्यावर हार घालून भिंतीवर काय लागायचं, ते आपणच ठरवून जायची. घरी सांगायची न्हाईत. आत्ता छापायचा न्हाई, वरचं बोलावणं आलं की मगच छापायचा, अशी बोली. असे साठ-सत्तर जण नानासोच्या मशीनमधी हसत बसलेले. त्यातले निम्मे रोज बाजारात भेटायचे.

मशीन पुसायच्या आधी, श्रावणात, दीक्षाची आजी, आक्काताई, आलेली. मोबाईल समोर धरला की पदर तोंडावर घेणारी बाई. पांढरं पातळ नेसून स्टुलावर बसली.

"नाना, म्हातारी दिसू दिऊ नगंस. मागनं सुना नावं ठिवत्यात."

"आक्का, नव्वदीला आलीस की."

"मग ऐंशीची दाखव."

ती हसली आणि नानासोनं तेवढ्यात काढला. मी बघितलाय तो फोटो. डोळेसुद्धा हसत होते.

नवी सिस्टीम लय झकास चालली. मशीन पळायला लागलं. पेनड्राइव्ह मात्र ड्रॉवरात तसाच. नानासो म्हणायचा, लगीनसराई सरू दे, मग चढवतो. मी रोज त्या ड्रॉवराकडं बघायचो. रोज वाटायचं, उघड म्हणावं. उघडला आणि काय न्हाई निघालं तर, ह्या भ्यानं तसं म्हटलंच न्हाई.

मग एक दिवस सकाळीच दीक्षा दारात. डोळे सुजलेले.

"काका, आजी गेली. दवाखान्यात म्हणाली होती, नानाकडं फोटो आहे माझा."

नानासोनं पेनड्राइव्ह लावला. वर्षावर्षाची नावं ओळीनं आली. त्यानं दाबलं. परत दाबलं. काही उघडेना. दीक्षा वाकून बघायला लागली आणि तिचा हात टेबलावरच थांबला.

"काका, हे फोटो नाहीत. फोटो कुठल्या खणात आहेत ते दाखवणाऱ्या खुणा आहेत नुसत्या, शॉर्टकट."

"मी तर रोज त्यावरच दाबून उघडत हुतो."

म्हणजे दारावरच्या पाट्या तेवढ्या काढून आणल्या होत्या, आणि मागं घरं पाडून टाकली होती.

दोन दिवसांनी दीक्षा मशीनमधली डिस्क घेऊन सांगलीला गेली. तिथल्या माणसाला थोडे तुकडे सापडले. कुणाचं कपाळ, कुणाचा नुसता खांदा. सिस्टीमचा काय दोष न्हवता. दीक्षा म्हणाली, मी उघडून बघायला पाहिजे होतं. नानासो म्हणाला, "तू तीनदा इचारलंस पोरी." माझ्याकडं कुणी बघितलं न्हाई. मी पण तोंड उघडलं न्हाई.

आक्काताईच्या जलदानविधीच्या दिवशी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. फ्रेम मीच केली. करडा, पुसट, डोळे भ्यालेले. एक लहान पोरगी आईला विचारत होती, "ही कोन?"

बुद्धवंदना झाली. नानासो दाराबाहेर उभा, आत यायला तयार न्हाई. ओट्यावर आक्काताईचे धाकटे भाऊ बसलेले, आण्णा. पंच्याऐंशीचे. त्यांनी हाक मारली.

"नानासो, माझा फोटो हाय न्हवं नीट?"

वाटलं, आता नानासो व्हय म्हणणार. मी असतो तर म्हटलं असतं.

नानासो त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "न्हाई आण्णा. गेला. तुमचा बी गेला, समद्यांचा गेला. माझ्या हातनं गेला."

ओट्यावर आणिक म्हातारी माणसं होती, त्यांचे पण फोटो त्यातच गेलेले. कुणी कुणाकडं बघेना.

आण्णा म्हणाले, "मग आता काढ की."

"कॅमेरा दुकानात हाय."

"जा, आण. हाय मी तवर."

नानासो चपला न घालताच पळाला. आण्णांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, हात गुडघ्यांवर ठेवले आणि रस्त्याकडं तोंड करून ताठ बसले.