थाप पडली की सोडायचं

माझा भाऊ केरू विकला गेला असं सगळं हरसूल म्हणतं. ज्यांनी आयुष्यात कुणाशी झोंबी घेतली नाही, तेही पानाच्या टपरीवर उभे राहून छातीठोक सांगतात. त्याच्या लढतीच्या संध्याकाळी मी पिंजऱ्याला अगदी लागून बसले होते. जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

आमचे तात्या, म्हणजे वडील, झुंबर पैलवान, हरसूलला तालीम चालवतात. केरू त्या लाल मातीतच वाढला. एक नियम मोडला की तात्या छडीने पाठ सोलून काढायचे. सरावात जोडीदाराने अंगावर थाप मारली, की त्याच क्षणी पकड सोडायची. "थाप मारली म्हंजी त्यो तुझ्या हवाली झाला. मंग बी धरून ठिवशील तर तू पैलवान नाय, गुंड हाय," असं ते म्हणायचे. केरूने हे लहानपणीच अंगात मुरवून घेतलं.

पुढे तो नाशिकला माझ्याकडे राहायला आला आणि सातपूरच्या जिममध्ये शेखर सरांकडे एमएमए, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातली मिश्र लढत, शिकू लागला. लाथा-ठोसे त्याने पटापट उचलले. जुनी सवय मात्र सरांना मोडता आली नाही. "अरे बाबा, पंच मध्ये पडून थांबवत नाही तोवर सोडू नकोस!" सर घसा फोडून सांगायचे. केरू मान डोलवायचा आणि थाप पडली की पुन्हा सोडायचा. मला हसू यायचं. काय मेलं हसण्यासारखं होतं त्यात!

लढत रोहितशी ठरली. रोहित म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्या संतोष शेठचा भाचा. जिंकणारा दुबईला खेळायला जाणार होता, आणि ते तिकीट कुणासाठी काढलंय हे फलकांवरूनच कळत होतं. रोहितचं थोबाड भिंतभर, केरूचं कोपऱ्यात. वजनाच्या दिवशी रोहित जास्त भरला, तर शेठ म्हणाले काटा बिघडलाय. केरू चढला तेव्हा तोच काटा सुधारला.

त्याच दुपारी शेठ आमच्या खोलीवर आले. माझ्या हातचा चहा पीत म्हणाले, "केरूभाऊ, दुसऱ्या राउंडला खाली बसायचं. तुझं पुढचं सगळं मी बघतो."

"तात्यांला काय सांगू?" केरूने विचारलं.

"हरलो म्हणून सांग. माणसं हरतातच की."

"हरलो तर सांगंन, शेठ. बसलो ते नाय सांगता यायचं."

शेठ रागावले नाहीत, हसत निघून गेले. मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती.

लढतीत दुसऱ्या राउंडला केरूने रोहितला उचलून आपटलं, पाठीमागून गळ्याभोवती हात घातला आणि आवळला. रोहितचं तोंड जांभळं पडलं. त्याने केरूच्या मांडीवर थाप मारली, मग पुन्हा, मग पुन्हा. तो हात माझ्या बाजूला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. केरूने लगेच पकड सोडली आणि जिंकलो म्हणून हात वर केला. पंच समोरच उभा होता. त्याने खूण केली, चालू ठेवा. केरू त्याच्याकडे वळून "त्यानं थाप मारली ना," म्हणतोय तोवर रोहितचा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. केरू पडल्यावर मात्र पंच धावत मध्ये आला आणि त्याने रोहितला विजयी ठरवलं.

शेखर सरांनी तक्रार केली. शेठच्या माणसांनी व्हिडिओ दाखवला. कॅमेरा पलीकडून होता, त्यात रोहितचा हात दिसतच नव्हता. दिसत होता तो फक्त केरू, जिंकत आलेली पकड आपणहून सोडताना. तोच तुकडा गावभर मोबाइलवर फिरला. ठरवून हरणाऱ्या कुस्तीला आमच्याकडे नुरा म्हणतात. हरसूलच्या आमच्या दारावरून जाताना पोरं तेवढंच ओरडायची.

आम्ही हरसूलला पोचलो तेव्हा तात्यांच्या हातात तोच व्हिडिओ होता.

"सोडलंस," ते म्हणाले.

"त्यानं थाप मारली, तात्या."

"मला नाय दिसली."

केरू सुजलेलं तोंड घेऊन भिंतीकडे वळला. माझं मात्र डोकं फिरलं. "मी पाहिली ना! आणि पकड सोडायला त्याला शिकवलं कुणी? छडी कुणाची होती?" मी ओरडले.

तात्या उठले, तालमीत जाऊन मातीत बसले आणि केरूला म्हणाले, "धर मला. तसंच धर."

केरूने म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती हात घातला. तात्यांनी डोळे मिटले. जरा वेळाने त्यांनी केरूच्या मांडीला नुसती बोटं टेकवली. जवळ उभी असून मला आवाजही आला नाही. केरूचे हात झटकन उघडले.

तात्या तसेच बसून राहिले. "लेकरा, तू नाय विकला गेलास," म्हणाले. "म्याच तुला मारलं."

ते गावच्या जत्रेत कुस्त्या लावणाऱ्या पंचांकडे गेले, सगळं सांगितलं. पंच म्हणाले, बाप आपल्या पोराला चांगलंच म्हणणार. केरूशी जोड धरायला यंदा कुणीच तयार नव्हतं, म्हणून त्याला कुस्ती दिलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी चंदरला आखाड्यात बोलावलं. चंदर हा केरूचा लहानपणापासूनचा जोडीदार, गावात त्याच्या बाजूने बोललेला एकटा. "आता थाप पडली तरी सोडायचं नाय," तात्या केरूला म्हणाले. "म्या सांगंन तवाच सोडायचं."

केरूने पकड घातली. चंदरने थाप मारली. केरूने तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी मान दुसरीकडे वळवली. चंदर थापा मारत राहिला. केरूच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण त्याने सोडलं नाही. मी तात्यांच्या नावाने किंचाळले तेव्हा कुठे ते "सोड" म्हणाले.

चंदर मातीत तोंड खुपसून खोकत होता. केरूने त्याला उठवायला हात पुढे केला. चंदरने तो धरला नाही.